उसने आणलेले सोने परत कोणाला द्यायचे? क्रिमियाच्या सार्मातियन आणि सिथियन ऐवजाचे प्रकरण, २०१४ ते २०२३

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या ॲलार्ड पियर्सन वस्तुसंग्रहालयात क्रिमियातील पुरातन वस्तूंचे प्रदर्शन सुरू झाले. हाच ऐवज त्याआधी, जुलै २०१३ पासून, जर्मनीतील बॉन शहरात मांडलेला होता. वस्तू युक्रेनमधील पाच संस्थांनी उसन्या दिल्या होत्या. सिम्फेरोपोलचे तावरिदा मध्यवर्ती संग्रहालय, तसेच केर्च, बख्चिसराय आणि सेवास्तोपोलजवळील खेर्सोनेसोस येथील संग्रहालये अशा चार संस्था क्रिमियातील होत्या आणि पाचवे युक्रेनचे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय राजधानी कीव्हमधले होते. हे प्रकरण चार क्रिमियन संग्रहालयांच्या ५६५ वस्तूंचे आहे. संस्था आणि न्यायालये यांची नावे सार्वजनिक असल्यामुळे ती येथे दिली आहेत. संबंधित व्यक्तींचा उल्लेख मात्र त्यांच्या पदानेच केला आहे.

वाद ज्या वस्तूंवरून झाला त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय तो समजत नाही. बातम्यांमध्ये सरसकट ‘सिथियन सोने’ असे म्हटले गेले, परंतु हे नाव अपुरे आहे. सिथियन आणि त्यांच्यानंतर आलेले सार्मातियन हे दोघेही इराणी भाषाकुळातील भटके पशुपालक होते. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांमुळे मराठी वाचकाला ठाऊक असलेले शक क्षत्रप ज्या शकांमधून आले, तेही याच विस्तृत भाषाकुळातले होते. म्हणजे नात्याने हे लोक आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने डॉन नदीपलीकडच्या, सार्मातियनांशी नाते जोडल्या जाणाऱ्या ‘सौरोमाते’ लोकांचे वर्णन केले आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकापासून सार्मातियन टोळ्यांनी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशावर वर्चस्व मिळवले आणि पुढे गॉथ व हूण येईपर्यंत त्यांचा प्रभाव टिकून राहिला. केर्च, म्हणजे प्राचीन पांतिकापायोन, ही बोस्पोरन राज्याची राजधानी होती. राज्य ग्रीक वळणाचे असूनही तिथल्या एकाहून अधिक राजांनी ‘सौरोमातेस’ हे नाव घेतले होते, यावरून हा प्रभाव किती खोलवर गेला होता ते दिसते.

सार्मातियन दागिन्यांची रंगांची आवड चटकन नजरेत भरते. सोन्याच्या पत्र्यावर ठोकून उठावाचे काम करायचे, प्राण्याचा डोळा, कान आणि मांडी यांच्या जागी कोंदणे करायची आणि त्यांत फिरोजा, पोवळे, तामडा किंवा रंगीत काच बसवायची, ही त्यांची आवडती रीत होती. एकमेकांवर झडप घालणारे हिंस्र प्राणी, वळलेल्या मानेचे पशू, आपल्याकडच्या सरीसारखे गळ्यात घालायचे घट्ट कडे, खांद्यावर वस्त्र अडकवण्याच्या पिना आणि कपड्यांवर शिवायच्या शेकडो बारीक टिकल्या, असा हा ऐवज असतो. डॉनकाठी नोवोचेर्कास्कजवळ खोखलाच येथील मातीच्या थडग्यात १८६४ मध्ये सापडलेला आणि आज रशियातील हर्मिटाज संग्रहालयात असलेला सोन्याचा मुकुट हा या शैलीचा प्रसिद्ध नमुना होय. त्याच्या वरच्या कडेवर झाडे आणि सांबरे उभी आहेत आणि समोर मध्यभागी रत्नात कोरलेला स्त्रीचा अर्धपुतळा आहे. म्हणजे भटक्यांची कल्पना आणि ग्रीक कारागिरी एकाच दागिन्यात नांदतात.

क्रिमियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, आल्मा नदीच्या मुखाशी, उस्त-आल्मा नावाची दफनभूमी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत येथे उत्तरकालीन सिथियन वस्तीत सार्मातियन रीतिरिवाज मिसळत गेले. मृताच्या डोळ्यांवर आणि ओठांवर ठेवलेले सोन्याचे पातळ पत्रे येथे सापडले, आणि त्याच मातीतून हान काळातील चिनी लॅकरच्या पेट्याही निघाल्या. बख्चिसरायच्या संग्रहालयाने या पेट्या ॲमस्टरडॅमला पाठवल्या होत्या. लाकडावर झाडाच्या चिकाचे थरावर थर देऊन केलेली चीनमधली पेटी काळ्या समुद्राच्या काठी एका थडग्यात पोहोचते, ही गोष्ट मला त्या प्रदर्शनातील सर्व सोन्याहून मोलाची वाटते. ती पेटी कोणत्या थडग्यात, कोणत्या दागिन्यांशेजारी आणि कोणत्या थरात सापडली याची नोंद हेच तिचे खरे मोल आहे. हा मुद्दा येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे न्यायालयात मालकीवर पुष्कळ बोलले गेले आणि या नोंदींवर फार थोडे.

प्रश्न कसा उभा राहिला

प्रदर्शन सुरू होऊन काही आठवडेच झाले असताना रशियाने क्रिमियाचा ताबा घेतला. १६ मार्च २०१४ रोजी तेथे सार्वमत म्हणवले गेलेले मतदान झाले आणि १८ मार्चला क्रिमिया रशियात सामील केल्याची घोषणा झाली. २७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युक्रेनच्या भौगोलिक अखंडतेच्या बाजूने ठराव केला. त्याच्या बाजूने १०० मते पडली, ११ विरोधात गेली आणि भारतासह ५८ देश तटस्थ राहिले. नेदरलँड्सने विलीनीकरण मान्य केले नाही.

उसनवारीचे करार ॲलार्ड पियर्सनने प्रत्येक क्रिमियन संग्रहालयाशी थेट केले होते, आणि वस्तू तात्पुरत्या देशाबाहेर नेण्याची परवानगी युक्रेनच्या संस्कृती मंत्रालयाने दिली होती. करार करणारी संस्था आणि परवानगी देणारे सरकार एकाच राज्यव्यवस्थेत होते तोपर्यंत या दोन कागदांत कोणताही विरोध नव्हता. मार्चनंतर त्यांच्यामध्ये सीमारेषा आली. करारानुसार वस्तू सिम्फेरोपोल, केर्च, बख्चिसराय आणि सेवास्तोपोलला जायला हव्या होत्या. निर्यात परवान्यानुसार त्या युक्रेनला परत यायला हव्या होत्या. ज्यांनी त्या वस्तू खणून काढल्या, जोडल्या आणि दशकानुदशके सांभाळल्या ते अभिरक्षक क्रिमियात होते. ज्या राज्याच्या संग्रहालय निधीत, म्हणजे राष्ट्रीय वस्तुसंग्रहात, त्यांची नोंद होती ते राज्य कीव्हमध्ये होते.

विचारात घेता येण्याजोगे पर्याय

प्रदर्शनाची मुदत वाढवून ३१ ऑगस्ट २०१४ करण्यात आली होती. त्यामुळे संग्रहालयाला विचार करायला काही महिने मिळाले. त्याच्यापुढे कोणते मार्ग होते ते नीट पाहायला हवे, कारण त्यांपैकी एकही निर्धोक नव्हता.

करार अक्षरशः पाळून वस्तू क्रिमियाला पाठवणे हा पहिला मार्ग होता. संग्रहालयांच्या परस्पर व्यवहाराची सगळी इमारत ‘ज्याच्याकडून घेतले त्याला परत’ या एका वचनावर उभी आहे आणि ते मोडले तर उद्या कोणी कोणाला वस्तू देणार नाही, ही भीती खरी होती. पण तसे केले असते तर वस्तू युक्रेनच्या प्रत्यक्ष नियंत्रणाबाहेर गेल्या असत्या, नेदरलँड्सने न मानलेल्या सत्तेच्या हाती पडल्या असत्या आणि युक्रेनने नुकसानभरपाईचा दावा लावला असता. दुसरा मार्ग त्या थेट कीव्हला पाठवण्याचा होता. तो राजकीयदृष्ट्या सोपा दिसत होता, तरी त्यात एका विद्यापीठीय संग्रहालयाने स्वतःच्या अखत्यारीत आपल्या करारबद्ध भागीदारांचा हक्क डावलल्यासारखे झाले असते. वस्तू एखाद्या तटस्थ तिसऱ्या संस्थेकडे ठेव म्हणून सोपवणे हा तिसरा मार्ग. मात्र त्यासाठी दोन्ही पक्षांची संमती हवी होती आणि ती मिळण्याची चिन्हे नव्हती. शेवटचा मार्ग वस्तू स्वतःच्या भांडारात सुरक्षित ठेवून न्यायालयाचा निर्णय किंवा पक्षांमधील तडजोड होईपर्यंत थांबण्याचा होता.

पहिला निर्णय

ऑगस्ट २०१४ मध्ये संग्रहालयाने शेवटचा मार्ग स्वीकारला. त्याच उन्हाळ्यात, १७ जुलैला, ॲमस्टरडॅमहून निघालेले एमएच १७ विमान पूर्व युक्रेनवर पाडले गेले होते आणि मृत २९८ जणांपैकी १९६ डच नागरिक होते. सगळा देश शोकात असताना ज्या संस्थेने हा निर्णय भावनेच्या भरात न घेता कायद्यावर सोपवला, तिच्या संयमाची दखल घ्यावीशी वाटते.

मात्र या निर्णयाचा एक पोटभाग होता. कीव्हच्या संग्रहालयाने दिलेल्या १९ वस्तू सप्टेंबर २०१४ मध्ये कीव्हला परत पाठवण्यात आल्या. त्यांच्याबाबत करार करणारी संस्था आणि मूळ राज्य यांत काहीच विसंवाद नव्हता, त्यामुळे हे योग्यच होते. तरीही या कृतीने प्रकरणाचे स्वरूप बदलले. वाद फक्त क्रिमियन वस्तूंपुरता उरला आणि या चार संग्रहालयांना आपल्याला वेगळे काढले गेले असे वाटले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात दावा दाखल केला आणि युक्रेनही त्यात पक्षकार झाला.

युक्रेनने या अगोदरच, मे २०१४ मध्ये, एक महत्त्वाचे पाऊल उचलले होते. संस्कृती मंत्रालयाने आदेश काढला की क्रिमियातील परिस्थिती स्थिरस्थावर होईपर्यंत या वस्तू कीव्हच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात सांभाळाव्यात. त्यावेळी या आदेशाची फारशी चर्चा झाली नाही. सात वर्षांनी अपील न्यायालयाच्या निकालाला त्याचाच आधार मिळाला.

न्यायालयांतील वळणे

१४ डिसेंबर २०१६ रोजी ॲमस्टरडॅम जिल्हा न्यायालयाने वस्तू युक्रेनला द्याव्यात असा निर्णय दिला. त्याचा आधार सांस्कृतिक संपत्तीच्या बेकायदा निर्यातीविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को कराराशी जोडलेला होता. नेदरलँड्स त्यात २००९ मध्ये सहभागी झाले होते. सांस्कृतिक वारसा म्हणून वस्तूंवर दावा फक्त सार्वभौम राज्यच करू शकते आणि क्रिमियाला तसे राज्य मानले गेलेले नाही, असे न्यायालय म्हणाले. खरी मालकी कोणाची हा प्रश्न वस्तू परतल्यानंतर युक्रेनच्या न्यायालयांनी सोडवावा, असेही त्याने सांगितले.

क्रिमियन संग्रहालयांनी अपील केले. १६ जुलै २०१९ च्या अंतरिम निर्णयात अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा पायाच काढून घेतला. वस्तू कायदेशीर परवान्याने बाहेर आल्या होत्या. त्या मुदतीत परत गेल्या नाहीत याचे कारण चोरी किंवा तस्करी नव्हते, तर वादामुळे त्यांना ठेवून घ्यावे लागले हे होते. म्हणून त्यांना बेकायदा निर्यात म्हणता येत नाही, असे अपील न्यायालयाने ठरवले. मला हे बरोबर वाटते. चोरबाजारावर अंकुश ठेवण्यासाठी केलेला कायदा सद्भावनेने झालेल्या उसनवारीवर ओढून ताणून लावला असता, तर पुढे प्रत्येक उसन्या वस्तूवर ‘बेकायदा’ असा शिक्का बसण्याची शक्यता निर्माण झाली असती.

अंतिम निर्णय न देता अपील न्यायालयाने पक्षांकडून युक्रेनी कायद्याविषयी अधिक माहिती मागितली. मधल्या काळात एका न्यायाधीशांच्या तटस्थतेवर युक्रेनने घेतलेला आक्षेप २०२० मध्ये मान्य झाला आणि न्यायपीठात बदल करावा लागला. त्यामुळेही विलंब झाला.

२६ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने प्रश्नाची मांडणीच बदलली. क्रिमियन संग्रहालयांचा या वस्तूंच्या व्यवस्थापनाचा हक्क त्याने मान्य केला, त्यांचा करारही मान्य केला. वस्तू क्रिमियाच्या मातीतून आल्या आहेत आणि त्या अर्थाने क्रिमियाचाही वारसा आहेत, हेही नाकारले नाही. परंतु १९९१ पासून स्वतंत्र असलेल्या युक्रेनच्या सांस्कृतिक वारशाचा त्या भाग आहेत, युक्रेनचा संग्रहालय कायदा आणि मे २०१४ चा आदेश मूलभूत सार्वजनिक हितासाठी आहेत, आणि असे अनिवार्य नियम कराराहून वरचढ ठरतात, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. ९ जून २०२३ रोजी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ५६५ वस्तू, एकूण वजन २,६९४ किलो, ट्रकमधून कीव्हला पोहोचल्या. त्या आता पेचेर्स्क लाव्रा मठाच्या परिसरातील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या सुवर्णदालनाच्या ताब्यात आहेत. युद्ध सुरू असलेल्या शहरात त्या नेल्या गेल्या, यावर काहींनी चिंता व्यक्त केली आणि ती निराधार नव्हती. दुसरीकडे, २०२२ मध्ये मेलितोपोलच्या संग्रहालयातून सिथियन सोने आणि खेर्सोनच्या संग्रहालयांतून मोठे संग्रह रशियन सैन्याच्या ताब्यात असताना नेले गेल्याच्या बातम्या जगभर आल्या होत्या. वस्तू २०१४ मध्येच क्रिमियाला परत गेल्या असत्या तर युक्रेनला त्या पुन्हा मिळण्याचा मार्ग उरला नसता, हे त्या बातम्यांनी दाखवून दिले.

क्रिमियातील संग्रहालयांचे नुकसानही या हिशेबात धरले पाहिजे. सार्वभौमत्वाच्या वादात ताबा घेणाऱ्या सत्तेने जे केले त्याचे उत्तर त्यांच्या अभिरक्षकांना द्यावे लागले. उस्त-आल्माच्या थडग्यांवर आयुष्य घालवणारा पुरातत्त्वज्ञ आणि लष्करी ताबा घेणारी सत्ता या दोन गोष्टी एक नव्हेत. निकाल मला योग्य वाटतो. तरी तो वाचताना या लोकांचा विचार मनातून जात नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव २०१३ मध्येच, करारावर सही होताना, राहिली होती. करारात विमा, वाहतूक, तापमान आणि प्रकाशाची मर्यादा यांविषयी कलमे असतात. राज्याची सत्ता बदलली तर वस्तू कोणाच्या हाती द्यायची याविषयी कलम नव्हते. निर्यात परवाना देणारे मंत्रालय आणि वस्तू देणारे संग्रहालय या दोघांच्या सह्या एकाच करारावर असत्या, आणि वाद झाल्यास ठेव कुठे राहील व निवाडा कोण करील हे तेथे लिहिलेले असते, तर नऊ वर्षांपैकी बरीच वाचली असती. हे पश्चातबुद्धीने सुचणारे शहाणपण आहे, हे खरे. पण २०१४ नंतर ज्या संस्था असे करार करतात त्यांना ही सबब राहिलेली नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्यात आली तेव्हा आपल्याकडेही लोकांनी मुदत, मालकी आणि परतीच्या अटी यांविषयी प्रश्न विचारले. ते प्रश्न विचारले जातात हेच बरे आहे, कारण करारातील अशीच कलमे अडचणीच्या दिवशी कामी येतात.

दुसरा विचार ॲलार्ड पियर्सनच्या थांबण्याच्या निर्णयाविषयी आहे. तो योग्य होता, परंतु थांबण्याबरोबर आणखी काही करता आले असते का, असा प्रश्न मनात येतो. वस्तू भांडारात असतानाच दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांना सारख्याच अटींवर त्यांचे परीक्षण, छायाचित्रण आणि रासायनिक विश्लेषण करू देण्याची औपचारिक व्यवस्था झाली असती, तर नऊ वर्षे ज्ञानाच्या दृष्टीने वाया गेली नसती. फिरोजाचे खडे कुठल्या खाणीतले, सोन्यात किती चांदी, कोंदण कोणत्या हत्याराने घडवले, हे प्रश्न मालकीच्या निकालाची वाट पाहत बसणारे नाहीत. युक्रेनला यात आपल्या दाव्याला बाधा येईल असे वाटले असते, क्रिमियन संग्रहालयांनाही तशीच शंका आली असती. तरी ‘या अभ्यासाने कोणाच्याही हक्काला बाधा येत नाही’ असा लेखी शेरा घेऊन वाट काढणे अशक्य नव्हते.

तिसरी गोष्ट जिल्हा न्यायालयाच्या निर्णयाशी संबंधित आहे. युक्रेनच्या बाजूने सुरुवातीला युनेस्को कराराच्या आधारावर अधिक भर राहिला. संग्रहालय कायदा आणि मंत्रालयाचा आदेश हेच दाव्याचे मुख्य टेकू म्हणून पहिल्याच टप्प्यात मांडले गेले असते, तर २०१९ चा अंतरिम निर्णय आणि त्यानंतरची फेरी कदाचित टळली असती. वकिलांना आंतरराष्ट्रीय करार भारदस्त वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात निकाल फिरला तो एका मंत्रालयीन आदेशावर, ज्याची मुदत ‘परिस्थिती स्थिरस्थावर होईपर्यंत’ एवढीच लिहिलेली होती.

ती मुदत अद्याप संपलेली नाही. आदेश वाचला तर वस्तूंची सोय कीव्हमध्ये तात्पुरती केलेली आहे आणि तिचा शेवट क्रिमियात होणे अपेक्षित आहे. तोपर्यंत उस्त-आल्माची चिनी पेटी एका शहरात असेल आणि तिच्या शेजारी सापडलेल्या खापरांच्या नोंदवह्या दुसऱ्या. कीव्हमधील अभिरक्षकांनी प्रत्येक वस्तूला नवा क्रमांक देताना तिचा क्रिमियन संग्रहालयातला मूळ क्रमांकही जपून लिहून ठेवला, तर ज्या दिवशी पेटी आणि नोंदवह्या पुन्हा शेजारी येतील त्या दिवशी ती पेटी कोणाच्या थडग्यातली होती हे शोधावे लागणार नाही.